तुरुंगातून कविता नको, बातमी मागा

प्रश्न असा आला आहे: "पत्रकारितेचं शिक्षण संपवून मी दादरला एका मराठी संकेतस्थळावर काम करते. अमेरिकेत कैदी स्वतः वर्तमानपत्र चालवतात आणि बाहेरचे पत्रकार त्यांना मदत करतात, असं वाचलं. आर्थर रोड, भायखळा, तळोजा इथल्या बंद्यांसाठी असं काही करता येईल का? ते कायद्यात बसतं का? आणि मी एकटी नेमकं काय करू शकते?"

करता येईल, कायद्यातही बसतं आणि सुरुवात एकटीने करता येते. मी मराठी दैनिकात उपसंपादक होते. पुढे बरीच वर्षं कारागृहांत लेखनवर्ग घेतले, हस्तलिखित अंक काढले, आतून आलेला मजकूर बाहेर छापून आणला. तुमच्या प्रश्नांची उत्तरं त्या अनुभवातून देते. पण आधी एक गोष्ट सांगते, कारण तिच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

कैद्याने कविता लिहिली की आपल्याकडे ती सगळ्यांना आवडते. अधीक्षकांना आवडते, संस्थांना आवडते, दिवाळी अंकाच्या संपादकांनाही आवडते. आईची आठवण, झालेली चूक, उद्याची पहाट. २६ जानेवारीच्या कार्यक्रमात ती व्यासपीठावरून वाचली जाते, टाळ्या पडतात. त्याच माणसाने "आमच्या बॅरकमध्ये पाणी किती वाजता येतं आणि किती जणांना पुरतं" हे लिहून दिलं, तर तो कागद टेबलावरच राहतो. कवितेला मी कमी लेखत नाही. कित्येकांची पहिली ओळ कवितेचीच असते आणि ती लिहिली म्हणून माणूस तगून राहतो. पण तुम्ही पत्रकारितेबद्दल विचारलंय, तर पाठिंबा त्या टेबलावर राहिलेल्या कागदाला हवा. बंद्याचा पश्चात्ताप छापायला खूप जण तयार आहेत. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं, मोजलेलं, विचारून खात्री केलेलं छापायला फार थोडे.

अमेरिकेतली उदाहरणं याच नजरेने बघा. तिथे ही परंपरा जुनी आहे. मिनेसोटातल्या स्टिलवॉटर तुरुंगातलं 'प्रिझन मिरर' १८८७ मध्ये निघालं. लुईझियानातल्या अँगोला तुरुंगाच्या 'अँगोलाइट' मासिकाला १९७० च्या दशकात तिथल्या प्रमुख अधिकाऱ्याने सेन्सॉरशिवाय छापायची मुभा दिली. विल्बर्ट रिडो हा जन्मठेपेचा कैदी त्याचा संपादक होता आणि त्या काळात मासिकाने देशातले मानाचे पत्रकारिता पुरस्कार मिळवले. कॅलिफोर्नियातलं 'सॅन क्वेंटिन न्यूज' १९४० मध्ये सुरू झालं, १९८० च्या दशकात बंद पडलं आणि २००८ मध्ये तिथल्या वॉर्डनच्या पुढाकाराने पुन्हा निघालं. निवृत्त पत्रकार सल्लागार म्हणून आत जाऊ लागले. देणग्यांवर अंक बाहेर छापला जाऊ लागला आणि राज्यातल्या इतर तुरुंगांतही पोचू लागला. पण त्याला मोकळं रान नव्हतं. मजकूर प्रशासन आधी तपासतं, आणि २०१४ मध्ये मंजुरी नसलेलं एक छायाचित्र छापलं म्हणून अंक ४५ दिवस बंद ठेवला गेला. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'प्रिझन जर्नलिझम प्रोजेक्ट'ने वेगळी वाट धरली. वेगवेगळ्या तुरुंगांतल्या लोकांना टपालाने पत्रकारिता शिकवायची आणि त्यांचे लेख बाहेर छापायचे. मुंबईसाठी मला ही वाट जास्त उपयोगाची वाटते. कारण सांगते.

अमेरिकेतली ही वर्तमानपत्रं चालवणारे बहुतेक जण लांबच्या शिक्षेचे कैदी असतात. दहा-पंधरा वर्षं एकाच ठिकाणी, म्हणून संपादक मंडळ टिकतं. आपल्याकडे चित्र उलटं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते, म्हणजे खटला अजून चालू असलेले. मुंबईत तर प्रामुख्याने हेच लोक. आर्थर रोडची अधिकृत क्षमता बरीच वर्षं ८०४ होती आणि आत तीन हजारांवर माणसं राहिलेली आहेत. आज वर्गात बसलेला मुलगा पुढच्या आठवड्यात जामिनावर सुटतो, नाहीतर तळोज्याला वर्ग होतो. शिक्षा झालेले येरवडा, नाशिक रोड, कळंबा, नागपूर इथे जातात. नियमित मासिक काढायचं असेल तर ते तिथे जमेल. येरवड्याला तर कारागृह मुद्रणालय नावाचा छापखानाही आहे. मुंबईत मात्र वर्तमानपत्राचा हट्ट धरू नका. इथे वार्ताहर घडवा, आत भित्तिपत्रक, म्हणजे भिंतीवर लावायचं हस्तलिखित वर्तमानपत्र, लावा आणि बाहेर तुमच्या संकेतस्थळावर त्यांना कायमची जागा द्या.

आता कायदा. तो तुमच्या बाजूने आहे, आणि त्यातला पहिला मोठा निकाल मराठी माणसाच्या, मराठी पुस्तकाच्या आणि आर्थर रोडच्याच प्रकरणातला आहे. भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी तुरुंगात अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या, असा अर्ज केला. सरकारने नकार दिला, कारागृहानेही दिला. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ मध्ये तिथेही हरलं. सरकारचं म्हणणं होतं की स्थानबद्धाला नियमांत जेवढं दिलंय तेवढंच मिळेल. न्यायालयाने ते मानलं नाही. ज्याला नियमांत मनाई नाही ते तो करू शकतो, आणि पुस्तक छापायला पाठवण्याला मनाई नव्हती. पुढे १९९४ मध्ये तामिळ साप्ताहिक 'नक्कीरन'च्या प्रकरणात, फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचं आत्मचरित्र छापण्यावर अधिकाऱ्यांना आगाऊ बंदी घालता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मजकुरात बदनामी असेल तर छापल्यानंतर दाद मागावी.

आणि एक निकाल मी प्रत्येक अर्जाला जोडते. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. स्वतःबद्दल नव्हे, दुसऱ्या एका कैद्याला वॉर्डरने किती क्रूरपणे मारलं त्याबद्दल. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. डिसेंबर १९७९ च्या त्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सुचवलेल्या उपायांत कैद्यांचं भित्तिपत्रकही आहे. तक्रारी मोकळेपणाने मांडणारं भित्तिपत्रक असेल तर आतला ताण कमी होईल, असं त्यांनी लिहिलंय. तुम्ही अधीक्षकांकडे जाल तेव्हा काही विचित्र मागत नाही आहात, हे या एका वाक्यावरून दाखवता येतं. बत्रांचं ते पत्र मी वर्गातही वाचून दाखवते. कोणाला, कोणी, काय केलं: बातमी अशीच लिहितात.

हक्क आहे म्हणून वाट सरळ आहे असं नाही. पत्रं तपासली जातात, पुस्तकं अडवली जातात. तळोज्यात कैदेत असलेले पत्रकार-कार्यकर्ते गौतम नवलखा यांना पाठवलेलं वुडहाउसचं विनोदी पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून नाकारलं गेलं होतं आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याबद्दल फटकारलं होतं. तरीही माझा आग्रह आहे की सगळं उघडपणे, परवानगीने करा. मुलाखतीच्या खिडकीतून किंवा कोर्टाच्या आवारात कागद हातोहात घेऊ नका. कारागृह अधिनियमाखाली तो गुन्हा ठरू शकतो, आणि त्याची किंमत तुम्ही नाही, आतला माणूस मोजतो: झडती, मुलाखत बंद, दुसऱ्या कारागृहात रवानगी. अर्ज अधीक्षकांमार्फत पुण्याच्या कारागृह मुख्यालयाकडे जातो आणि वेळ लागतो. आत आधीपासून काम करणाऱ्या संस्थेबरोबर गेलात तर सोपं पडतं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून या क्षेत्रात आहे.

संपादन कसं करायचं, ते एका लेखावरून सांगते, कारण खरं काम तिथेच आहे. गोवंडीचा एक न्यायाधीन मुलगा वर्गात दोन पानं घेऊन आला. हिंदीत होती, मधेमधे मराठी. विषय: कोर्टाची तारीख असते पण त्याला नेतच नाहीत. दोन्ही पानं नशिबाला बोल लावण्यात गेली होती. मी विचारलं, मागच्या वेळी नाव कोणी पुकारलं? किती वाजता? नेणार नाहीत हे कधी कळलं, कोणी सांगितलं, कोणत्या शब्दांत? तो म्हणाला, "मॅडम, बोलते हैं, आज पार्टी नहीं आयी." पार्टी म्हणजे बंद्यांना कोर्टात नेणारी पोलिसांची तुकडी. मग विचारलं, तुझ्याबरोबर आणखी कोण कोण राहिलं? ते त्याला सांगता येईना.

त्याने त्या दिवसापासून कॅलेंडरच्या पानामागे नोंदी ठेवायला सुरुवात केली. सकाळी आपल्या बॅरकमधून किती नावं पुकारली, गाडीत किती बसले, गेटवरून किती परत आले, कारण काय सांगितलं. नावं लिहायची नाहीत, फक्त संख्या आणि तारखा. काही आठवड्यांनी त्याने लेख पुन्हा लिहिला. आता सुरुवात अशी होती की तारखेच्या दिवशी माणूस पहाटे आंघोळ उरकतो, ठेवणीतला शर्ट घालतो, कारण कोर्टात आई येणार असते. दुपारच्या जेवणापर्यंत तो तसाच बसून राहतो आणि मग शर्ट घडी करून परत पिशवीत ठेवतो. त्याच्यामागे नोंदींचा तक्ता. नशीब हा शब्द लेखात कुठेच राहिला नव्हता. तो मी काढला नाही, त्यानेच काढला.

मग बाहेरचं काम. ज्यांनी संमती दिली त्यांच्या खटल्यांचे रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याच्या नोंदी, आम्ही न्यायालयांच्या ई-कोर्ट या संकेतस्थळावर पाहिले. 'आरोपी हजर केला नाही' ही नोंद त्याच्या तारखांशी जुळते का, ते तपासलं. जिथे जुळलं नाही त्या तारखा लेखातून गाळल्या. अधिकाऱ्यांकडेही लेख नेला आणि तुमचं म्हणणं द्या म्हटलं. एका अधिकाऱ्यांनी सांगितलं की पोलीस बंदोबस्त मिळावा म्हणून तेही सतत पत्रं लिहीत असतात आणि मनुष्यबळ नाही हेच उत्तर येतं. ते लेखात घातलं. त्यामुळे लेख अधिक भक्कम झाला, आणि पुढचा लेख घेऊन गेले तेव्हा त्याच अधिकाऱ्यांनी मला बसायला सांगितलं. प्रशासनाची बाजू विचारणं हे आतल्या लेखकाला दगा देणं आहे, असं काही कार्यकर्त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. बातमी म्हणून छापायचं तर बातमीचे नियम पाळायचे. आतल्या माणसाला त्यातून सूट देणं म्हणजे त्याला पत्रकार न मानणं.

मुलाखतीला आलेले नातेवाईक आणि सुटून आलेले लोक हेही पडताळणीला मोठा आधार असतात. आर्थर रोडच्या भिंतीबाहेर, ज्याला आता साने गुरुजी मार्ग म्हणतात त्या रस्त्यावर, मुंब्रा, मानखुर्द, भिवंडीहून आलेल्या बाया पिशव्या घेऊन उभ्या असतात. तिथे तासभर थांबलात तर आतल्या कॅन्टीनपासून औषधांपर्यंत पुष्कळ कळेल. आकडे हवे असतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. बंद्याला जे दिसतं ते एका बॅरकपुरतं असतं, अर्जाचं उत्तर संपूर्ण कारागृहाचं येतं. दोन्ही शेजारी शेजारी छापा.

सुरक्षिततेबद्दल थोडं सक्तीने सांगते. न्यायाधीन माणसाने स्वतःच्या खटल्याबद्दल एक ओळही लिहायची नाही. तो कागद किती हातांतून जाणार हे तुम्हाला माहीत नसतं आणि सरकारी वकील त्यातलं वाक्य उचलू शकतात. शंका आली तर त्याच्या वकिलांना दाखवा. दुसऱ्या बंद्याचं नाव, टोळ्यांचे उल्लेख, कोण कुठे झोपतो, दरवाजे कधी उघडतात, हे काहीही नको. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची किंवा बालकाची ओळख कळेल असा मजकूर छापणं हा गुन्हाच आहे. नाव छापायचं की टोपणनाव, हे लेखकाने ठरवायचं आणि छापायच्या आदल्या दिवसापर्यंत त्याला निर्णय बदलू द्यायचा. भायखळ्याच्या महिला कारागृहातल्या लेखिका बहुधा नाव नको म्हणतात. तुरुंगात आहोत हे मुलांच्या शाळेत कळू नये, ही त्यांची पहिली काळजी असते. त्याच बायका सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आत वाढवण्याबद्दल इतकं नेमकं लिहितात, दूध किती, खेळायला जागा कुठे, ताप आला तर रात्री काय, की तसा लेख बाहेरच्या पत्रकाराला जमणार नाही.

ज्याच्या हातून कोणाचं घर उद्ध्वस्त झालंय, त्याला आपण जागा देतो आहोत, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल आणि तो टाळू नका. माझा नियम असा: लेखक सिद्धदोष असेल आणि लेख त्याच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल असेल, तर गुन्हा काय होता ते वाचकाला सांगायचं. लेख पाण्याबद्दल, औषधाबद्दल, मुलाखतीच्या रांगेबद्दल असेल तर त्याची गरज नाही. आणि न्यायाधीनाला गुन्हेगार म्हणायचं नाही, मथळ्यातही नाही.

मानधन द्या. बाहेरच्या लेखकाला देता तेवढंच. आत मनिऑर्डरने पैसे पाठवता येतात, पण त्याला मर्यादा आहे. म्हणून लेखकाने सांगितलेल्या घरच्या माणसाच्या खात्यावर जमा करा आणि पावती त्याला दाखवा. "त्यांना छापून येण्यातच आनंद असतो" असं म्हणणारे संपादक मला भेटलेत. आनंद असतोच, पण वकिलाकडे जायला बायकोला लोकलचं तिकीट काढावं लागतं. ब्रिटनमध्ये १९९० पासून 'इनसाइड टाइम' हे कैद्यांसाठीचं वर्तमानपत्र निघतं. ते फुकट वाटलं जातं आणि वकिलांच्या जाहिरातींवर उभं आहे. आपल्याकडे वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे ती वाट बंद. वर्गणीदार आणि छोटे देणगीदार हाच पर्याय.

तुम्ही एकटीने आजपासून काय करायचं? आधी जामिनावर किंवा निर्दोष सुटलेल्यांचं लिखाण घ्या. त्याला कोणाचीच परवानगी लागत नाही आणि तुमचं संपादन त्यातून तयार होतं. संकेतस्थळावर महिन्याला एक ठरलेली जागा मागून घ्या आणि ती बातमीच्या विभागात असू दे, 'भावविश्व' वगैरे सदरात नको. भाषा फार धुऊन काढू नका. मुंबईच्या तुरुंगात मराठी, हिंदी, उर्दू एकाच वाक्यात येतात. अर्थ कळत नसेल तिथेच हात लावा. उर्दू हस्ताक्षर वाचणारं कोणीतरी सोबत ठेवा. कारागृहाच्या वाचनालयाला ताजं मराठी दैनिक आणि एखादं साप्ताहिक सुरू करून द्या. ज्याने कित्येक महिने वर्तमानपत्र हातात धरलेलं नाही त्याला बातमी लिहायला कसं सांगणार? आत जाताना शिवलेल्या वह्या न्या, तारेच्या नकोत, आणि पानांवर क्रमांक घालून न्या म्हणजे किती पानं गेली, किती आली याचा हिशेब गेटवर आणि तुमच्याकडे सारखा राहतो. आलेल्या प्रत्येक कागदाची छायाप्रत त्याच दिवशी काढा. लेख नाकारलात तर का नाकारला ते लिहून कळवा. आत उत्तराची वाट बघणं फार लांब असतं.

छापून आलेल्या लेखाची प्रत अधीक्षकांच्या शिक्क्यानिशी आत पाठवा आणि वाचकांची पत्रंही पाठवा, टीकेची सुद्धा. भित्तिपत्रकाला पहिल्या दिवसापासून दोन संपादक नेमा, एक जुना आणि एक नवा, कारण जामिनाचा आदेश संध्याकाळी येतो आणि माणूस त्याच रात्री घरी गेलेला असतो. सुटताना वही, नोंदी आणि अर्धवट राहिलेले लेख दुसऱ्या संपादकाच्या ताब्यात द्यायचं वचन त्याच्याकडून आधीच घेऊन ठेवा. तो बाहेर आला की पहिल्या आठवड्यातच फोन करा. घर, काम, कोर्टाच्या हजेऱ्या यांत तो हरवायच्या आत त्याला पुढचा लेख सांगा, कारण आता तो नावानिशी लिहू शकतो, आणि आत राहिलेल्यांची बातमी तपासून द्यायला त्याच्याइतकं कामाचं माणूस तुम्हाला मिळणार नाही.